टर्नर ते गणिताचा शिक्षक: अकरा वर्षं आणि एक आकडा

लेथ या कातकामाच्या मशीनवर टेपर (एका टोकाकडं निमुळता होत जाणारा आकार) काढताना कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारा फिरता भाग, किती अंशांत फिरवायचा, याचं एक गणित वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ असतं. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करायचा, लांबीनं भागायचं आणि २८.६५ नं गुणायचं. ५० मिलिमीटरचा जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, ४० वर आणायचाय, लांबी ६०. दहा भागिले साठ गुणिले २८.६५, म्हणजे पावणेपाच अंशांच्या किंचित वर. कंपाउंड फिरवा, बोल्ट आवळा, कट घ्या.

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या कंपनीत मी २००८ पासून हेच करत होतो. बारावी सायन्स २००५ ला झालो होतो. मार्क ५२ टक्के, घरी पुढं शिकवायला पैसे नव्हते. मामा म्हणाले, हातात कला असली की पोट भरतं. आयटीआयला टर्नर, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचा, ट्रेड घेतला, दोन वर्षं ते, मग एक वर्ष अप्रेंटिसशिप आणि मग नोकरी. काम मला आवडायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढची गोष्ट वाचून कुणाला वाटू नये की मी कंटाळून पळालो.

२०१३ मध्ये आमच्याकडं आयटीआयची चार नवीन पोरं अप्रेंटिस म्हणून आली आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडं आलं. त्यातल्या एकानं तिसऱ्याच दिवशी विचारलं, "सर, हा २८.६५ कुठनं आला?" मला येईना. शेजारच्या मशीनवर नाना होते, तीस वर्षं कामात मुरलेले कारागीर. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या उस्तादानं सांगितलं, मी तुला सांगितलं. कुठनं आला ते त्यालाही ठाऊक नसंल."

त्या रविवारी घरातल्या ट्रंकेतून अकरावीचं गणिताचं पुस्तक काढलं. दुपारपर्यंत बसलो. एका रेडियनचे अंश ५७.३ होतात, त्याचं अर्धं २८.६५. कोन लहान असला की त्याचा टॅन आणि रेडियनमधलं माप जवळजवळ सारखंच येतं, म्हणून हा आकडा चालतो. अर्धं का, तर उतार दोन्ही बाजूंना असतो आणि कंपाउंड एकाच बाजूला फिरतो. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर त्या पोराला फरशीवर खडूनं काढून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरू शकलो नाही. हे काम आपण रोज करावं, असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

पण शिक्षक व्हायचं म्हणजे काय काय लागतं, हे सांगणारं जवळ कोणीच नव्हतं. आमच्या अख्ख्या खानदानात शिक्षक नाही. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहितोय.

पदवी

नववी-दहावीला गणित शिकवायचं तर गणित किंवा विज्ञानाची पदवी आणि त्यावर बी.एड. लागतं. नोकरी सोडून तीन वर्षं कॉलेज करणं शक्यच नव्हतं. २०१४ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.एस्सी.ला नाव घातलं. मुक्तची पदवी शिक्षकभरतीत चालत नाही असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. त्या भीतीत मी एक वर्ष घालवलं होतं. माझी पदवी बी.एड.लाही चालली, भरतीतही चालली. फक्त पदवीला कोणते विषय आहेत हे गुणपत्रकावर स्पष्ट दिसलं पाहिजे, कारण पुढं तुम्ही कोणता विषय शिकवायला पात्र आहात हे त्याच कागदावरून ठरतं.

अभ्यासकेंद्रावर प्रॅक्टिकल शनिवार-रविवारी असायची. आमच्याकडं तीन पाळ्या. तिसरी पाळी संपवून सकाळी सातला घरी यायचं, आंघोळ करून दहाला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला. एका सहकाऱ्याशी ठरवून टाकलं होतं की परीक्षेच्या महिन्यात माझी पहिली पाळी तो घेईल आणि दिवाळीच्या आठवड्यात त्याची रात्रपाळी मी करीन. सुपरवायझरला हे लेखी दिलं. तोंडी ठरवलेलं असलं, तर काम वाढलं की मोडतं, लेखी असलं की निदान बोलता येतं.

तीन वर्षांची पदवी मला चार वर्षांत मिळाली. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्री राहिली. तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती आणि मी सोडून द्यायच्या बेतात होतो. बायको म्हणाली, "अहो, एवढी फी भरलीय, आता एका विषयासाठी कशाला थांबताय?" २०१८ च्या उन्हाळ्यात निकाल लागला, ५६ टक्के. बी.एड.ला खुल्या प्रवर्गाला पदवीत ५० टक्के लागतात, मागास प्रवर्गाला ४५. काठावर असाल तर शेवटच्या वर्षाचा अभ्यास मनावर घ्या.

नोकरी सोडणं

बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेशपरीक्षा, राज्य सीईटी कक्ष घेतो. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं: बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडू नका. २०१९ च्या उन्हाळ्यात दिली, ५८ मिळाले. केंद्रीभूत प्रवेशफेरीत दुसऱ्या यादीत पुण्यातलं एक खासगी कॉलेज लागलं. कागदपत्रांच्या तपासणीत पदवी आणि बी.एड.मधल्या एका वर्षाच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागितलं. ते आधीच करून ठेवलं असतं तर एक दिवस वाचला असता.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे आणि हजेरी कडक असते. तासांना ८० टक्के, आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला, ९० टक्के. म्हणजे दिवसाची नोकरी करून ते होत नाही. जुलै २०१९ मध्ये मी राजीनामा दिला.

सेवा अकरा वर्षं झाली होती. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. हे मला ठाऊकच नव्हतं, नानांनी सांगितलं. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. माझे १६,००० होते. १,०१,५३८ रुपये आले. बी.एड.ची फी वर्षाला ३८,००० होती, दोन्ही वर्षांची फी त्यातून गेली आणि पुस्तकं, पाठांचं साहित्य, छपाई यांनाही पुरलं. पीएफला हात लावला नाही. कारखान्यात दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाकडं ही रक्कम असते. सोडायचं ठरवलं तर आधी तिचा हिशोब मांडा, मग बाकीची काळजी करा.

घर चालवायला संध्याकाळी सहा ते बारा एका जुन्या सहकाऱ्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, सेटिंगचं काम धरलं. महिना १२,०००. बायकोचं पिको-फॉलचं काम होतंच. त्या दोन वर्षांत आमच्या घरी नवीन कपडे आले नाहीत. मुलीला मात्र कळलं नाही, ती लहान होती, याचं मला आजही समाधान आहे.

बी.एड.

वर्गात मी बत्तीस वर्षांचा. बाकीच्या मुली-मुलांचं वय बावीस-तेवीस. बहुतेक सगळ्यांना बोलता यायचं. मला लिहिता यायचं, मोजता यायचं, हातानं करून दाखवता यायचं. पण चाळीस डोळे आपल्याकडं लागलेत आणि आपण सलग बोलायचं, हे कधी केलंच नव्हतं.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनानं होते. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं: सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), प्रश्न विचारणं, उद्दीपक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), फलकलेखन. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, परत सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं अभिप्राय. एक चक्र छत्तीस मिनिटांचं. माझ्या बरोबरीच्या मुलांना हे कंटाळवाणं वाटायचं. मला ते पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं, कारण आम्ही नवीन जॉब असाच बसवतो. पहिला पीस काढायचा, मापायचा, मशीनमधलं माप (ऑफसेट) बदलायचं, दुसरा पीस काढायचा. पहिल्याच पीसला माप बरोबर यावं अशी अपेक्षा कुणीच करत नाही. त्यामुळं अभिप्रायाचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि कारखान्यातून येणाऱ्या माणसाची ही फार मोठी जमेची बाजू आहे असं मी मानतो.

आवाजाचं मात्र वाईट झालं. पहिल्या पाठानंतर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही फार जोरात बोलता, आणि एकाच सुरात." मशीनच्या आवाजात अकरा वर्षं बोललेला गळा तो. त्यांनी सांगितलं की महत्त्वाचं वाक्य हळू म्हणायचं आणि त्याआधी तीन सेकंद थांबायचं. मी वहीत जिथं थांबायचं तिथं तांबड्या पेनानं रेघ मारायला लागलो. अजूनही मारतो.

दुसरी अडचण फळ्याची. माझ्या ओळी उजवीकडं चढत जायच्या. रात्री वर्कशॉपमध्ये मशीन आपोआप कट घेत असताना सात-आठ मिनिटं मोकळी मिळायची, तेव्हा शटरवर खडूनं लिहायचो. शटरला आडव्या पट्ट्या असतात, त्या धरून हात सरळ झाला. तीन महिने लागले.

पाठ टाचणाबद्दल, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनाबद्दल, एक गोष्ट सांगायची आहे. पहिली पंधरा टाचणं मी इतरांचं बघून लिहिली आणि ती सगळी वर्गात फसली. मग मी ती कारखान्यातल्या ऑपरेशन शीटसारखी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या कागदासारखी, लिहायला लागलो. पायरी कोणती, त्या पायरीला मुलाच्या हातात काय आहे, ती झाली हे मला कशावरून कळणार. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. जॉब पुढच्या मशीनवर जाण्याआधी माप तपासायला गेज लावतात, तसा प्रत्येक पायरीला एक छोटा प्रश्न. मार्गदर्शक सरांनी तो कागद ठेवून घेतला आणि पुढच्या बॅचला दाखवतो म्हणाले.

जानेवारी २०२० मध्ये चार आठवडे एका शाळेत पाठ झाले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता बहुतेक मोबाईलवर गेली. अठ्ठावीस मुलांच्या गटात रोज नऊ-दहा जण दिसायचे. बाकीच्यांकडं फोन नव्हता, किंवा वडील तो घेऊन कामाला गेलेले. एक मुलगा रात्री नऊला फोन करायचा, वडील घरी आल्यावर. मी वर्कशॉपच्या बाहेर पायरीवर बसून त्याला वर्गसमीकरणं सांगायचो. जानेवारी २०२१ मध्ये नववी-दहावीचे वर्ग थोडे दिवस उघडले, तेव्हा तो प्रत्यक्ष भेटला. सूत्रात उणे चिन्ह कुठं चुकतं हे तो न विचारता सांगायला लागला होता. त्या वर्षातला माझा खरा पाठ तोच, पण कागदावर त्याची नोंद कुठंच नाही.

थांबण्याची तीन वर्षं

बी.एड. झालं आणि भरती नव्हती. या काळाबद्दल कुणी लिहीत नाही, आणि बहुतेक माणसं इथंच मागं फिरतात.

सकाळी एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचो, महिना ९,०००. संध्याकाळी तेच वर्कशॉप. २१ नोव्हेंबर २०२१ ला टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर दिला, गणित-विज्ञान. १५० पैकी ८४. पात्रतेला खुल्या प्रवर्गात ९० लागतात. सहा गुणांनी सहावी ते आठवीचा दरवाजा बंद झाला. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, त्यामुळं माझा मार्ग पूर्ण बंद झाला नव्हता, पण जागा निम्म्याहून कमी झाल्या. बालमानसशास्त्राच्या भागात माझे गुण गेले होते. मी फक्त गणिताची तयारी केली होती, गणित आपलंच आहे या भरवशावर. तुम्ही ही चूक करू नका. जो विषय आपला आहे त्याला कमी वेळ द्या आणि जो परका वाटतो त्याला जास्त.

या काळात आई म्हणाली, "कंपनीत परत घेतील का रे तुला?" तिचा आवाज काळजीचा होता, टोमण्याचा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी कंपनीत फोनही केला. सेटरची जागा होती, २७,००० देतो म्हणाले. दोन दिवस विचार केला. बायकोशी बोललो. वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मी पस्तिशीला आलो होतो. आम्ही ठरवलं की ३८ पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि मग कंपनीत जायचं. हद्द ठरल्यावर घरातली धाकधूक कमी झाली.

मग भरतीसाठी लागणारी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, तिची जाहिरात आली. २०१७ नंतर ती पहिल्यांदाच होत होती. २२ फेब्रुवारी ते ३ मार्च २०२३ या काळात ऑनलाईन झाली. २०० प्रश्न, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. मी सरावाला घड्याळ लावून बसायचो: तीस सेकंदांत सुचलं नाही तर पुढं. इथंही उणे गुण नाहीत, शेवटची चार मिनिटं फक्त राहिलेल्या गोलांवर टिचकी मारायला राखून ठेवा. मला १२१ मिळाले. फार नव्हते.

पवित्र पोर्टल

१ सप्टेंबर २०२३ पासून पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, स्व-प्रमाणपत्र (स्वतःची सगळी माहिती) भरायला सुरुवात झाली. इथं भरलेला प्रत्येक शब्द पुढं दोन वर्षं तुमच्या मागं येतो. माझ्या दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, पदवीवर दुसरं. मी पदवीवरचं भरलं आणि त्याची किंमत नंतर मोजली, ते पुढं येईलच. बी.एड.ला नाव घालायच्या आधीच सगळे कागद एका रांगेत मांडून नाव, आईचं नाव, जन्मतारीख जुळवून बघा. फरक असेल तर तेव्हाच राजपत्रात दुरुस्ती करून घ्या. मोबाईल नंबरही बदलू नका, सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

अकरा वर्षांच्या कारखान्यातल्या अनुभवाला त्या अर्जात रकाना नाही. आयटीआयचं प्रमाणपत्रही कुठं लागत नाही. मी तो फॉर्म तीनदा वरखाली करून पाहिला. त्या रात्री वाईट वाटलं, हे कबूल करतो.

फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला २१,६७८ जागांच्या जाहिराती आल्या, त्यातल्या ४,८७९ मुलाखतीसह. प्राधान्यक्रम भरून लॉक करायला थोडेच दिवस होते. मी गावाच्या जवळ-लांबचा विचार सोडून पात्र असलेली प्रत्येक जागा भरली. २५ फेब्रुवारीला मुलाखतीशिवायची यादी लागली, ११,०८५ नावं. माझं नव्हतं. मग लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं जूनपर्यंत थांबलं.

मुलाखतीसहच्या जागा म्हणजे खासगी संस्था, आणि खासगी संस्था म्हटलं की लाखांचे आकडे कानावर येतात. त्या भीतीनं मी हे प्राधान्यक्रम भरणारच नव्हतो. माझ्यापुरतं सांगतो: ज्या दोन संस्थांनी मला बोलावलं, त्यातल्या कुणीही एक रुपया मागितला नाही. अध्यापन कौशल्य आणि मुलाखत मिळून ३० गुण असतात आणि ते संस्थेला पोर्टलवर भरावे लागतात.

पहिल्या ठिकाणी माझी निवड झाली नाही. दुसरं पत्र पावसाळ्यात आलं, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली अनुदानित शाळा. स्वारगेटवरून दहिवडीची पहाटेची एसटी धरली. पिशवीत प्रमाणपत्रांची फाईल आणि आदल्या रात्री स्वतः काढलेला एक टेपर जॉब, ५० वरून ४०, लांबी ६०.

नववीचा वर्ग होता. त्रिकोणमिती, टॅन गुणोत्तर. मागच्या बाकावर अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि विषयतज्ज्ञ. मी जॉब पहिल्या बाकावर दिला आणि म्हणालो, हात फिरवून बघा, उतार लागतोय का, आणि मागं द्या. तो वर्गभर फिरेपर्यंत मी गप्प उभा राहिलो. दोन मिनिटं तरी झाली असतील. बी.एड.च्या आधी मला तेवढं गप्प राहता आलं नसतं. मग फळ्यावर त्याचा उभा छेद काढला, मधून रेघ मारली आणि विचारलं, यात काटकोन त्रिकोण कुठं दिसतो? एका मुलीनं येऊन बोट ठेवलं. समोरची बाजू ५, लगतची ६०. पुढचं मुलांनीच केलं.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "कंपनीत पगार जास्त होता, मग इकडं का?" मी २८.६५ ची गोष्ट सांगितली.

रुजू झाल्यावर

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकला महिना १८,००० आहे; जानेवारी २०२३ च्या आधी ते ८,००० होतं. वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र असे कागद लगेच लागतात. प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती करून ठेवा.

मला वाटलं होतं, रुजू झालो की मानधन सुरू. तसं नसतं. शाळा तुमच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयाकडं पाठवते. मान्यता मिळाली की शालार्थ आयडीचा, म्हणजे पगाराच्या ऑनलाईन प्रणालीतल्या क्रमांकाचा, प्रस्ताव जातो. आयडी आला की बिलात नाव चढतं. माझा प्रस्ताव दोनदा त्रुटी लावून परत आला, कारण तेच वडिलांच्या नावाचं स्पेलिंग. पहिल्यांदा प्रतिज्ञापत्र जोडलं, ते चाललं नाही. दुसऱ्यांदा राजपत्राची प्रत जोडली. आमच्या शाळेचे लिपिक फार चांगले निघाले. ते म्हणाले, "सर, फोन करू नका, स्वतः जा आणि आवक क्रमांक लिहून आणा." तो क्रमांक हातात असला की फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारता येतं. नुसतं नाव सांगून कुणाला काही सापडत नाही.

पहिलं मानधन आठ महिन्यांनी, जून २०२५ मध्ये आलं, मागच्या फरकासह. तोपर्यंत शनिवारी दुपारी एसटीनं भोसरी, रविवारी दिवसभर वर्कशॉप, रात्रीच्या गाडीनं परत. बायको-मुलगी अजून भोसरीतच होत्या. रुजू होताना किमान दहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल, तर आधीच कुणाकडून तरी तजवीज करून ठेवा. मला नानांनी ४०,००० दिले. मी मागितले नव्हते.

आता कुटुंब इकडं आलंय. माझ्याकडं नववी-दहावीचं गणित आणि आठवड्याला चार तासिका विज्ञानाच्या. शिक्षणसेवकाची मुदत ऑक्टोबर २०२७ ला संपेल.

शिकवताना अजून अडखळतो. भूमितीच्या सिद्धता मला स्वतःला सहज येत नाहीत, आदल्या रात्री तीनदा लिहून काढाव्या लागतात. वर्गातली सगळ्यांत मागची चार मुलं अजून माझ्या हाताला लागलेली नाहीत. एकाचं तर नेमकं कुठं अडतं ते कळत नाही, कारण तो कधी चुकीचं उत्तरही देत नाही, काहीच देत नाही. त्याला मी हल्ली शाळेच्या बाकांची मापं घ्यायला सोबत नेतो. माझा जुना वर्निअर, बारीक मापं घ्यायचं साधन, त्याच्याकडं दिलाय. परवा त्यानं अर्ध्या मिलिमीटरवरून माझी चूक काढली.

गेल्या महिन्यात दहावीला त्रिकोणमिती चालू होती. टेपर जॉब काढला, २८.६५ चं सूत्र सांगितलं, ते कुठून येतं तेही सांगितलं. एका मुलीनं हात वर केला. "सर, पण उतार खूप असला तर? तीस अंश असला तर हे चालेल का?"

म्हटलं, करून बघू. तीस अंशांचा टॅन ०.५७७. व्यासांचा फरक भागिले लांबी त्याच्या दुप्पट, १.१५५. त्याला २८.६५ नं गुणलं. वर्गातल्या प्रत्येकानं वहीत केलं. उत्तर तेहेतीस आलं. तीन अंश चुकलं. मग पोरांनीच पंधरा अंशांना करून पाहिलं, दहा अंशांना, पाच अंशांना, आणि चूक कशी आकसत जाते याचा फळ्यावर तक्ता झाला. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

संध्याकाळी नानांना फोन केला. ते निवृत्त होऊन गावी असतात. सगळं ऐकून घेतलं आणि थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दहाच्या वर गेलं की माझा टेपर गेजला बसायचा नाही. मी आपला कोनांचं टेबल बघून लावायचो. मला वाटायचं आपलं मशीनच जुनं झालंय." मग म्हणाले, "त्या पोरीला सांग, नानानं विचारलंय, किती अंशांपर्यंत चालतं ते नीट काढून दे."

तिनं काढून दिलंय. कागद उद्याच्या टपालानं पाठवतोय.